व्हिक्टोरियात हौसेने सोने शोधायचे असेल तर यंत्राआधी थाळी शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वर्षभरापूर्वी पुण्याहून मेलबर्नला आलो. सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन सोने शोधणे हा इथे रीतसर छंद आहे असे कळले. धातू शोधणारा डिटेक्टर कोणता घ्यावा, परवाना लागतो का, खर्च निघेल का, आणि नदीतून आणलेल्या काळ्या वाळूतले सोने घरी आम्लाने काढता येईल का?"

कोणता डिटेक्टर घ्यावा, याचे माझे उत्तर 'सध्या कोणताच घेऊ नये' असे आहे. हे टाळाटाळीचे उत्तर नाही. गेली अठरा वर्षे मी हा छंद करतो आहे आणि या काळात हजारो डॉलरांचे यंत्र घेऊन उत्साहाने आलेली, पण दुसऱ्या हिवाळ्यात तेच यंत्र अर्ध्या किमतीत विकून टाकणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. माती धुऊन सोने वेगळे करण्याच्या दहा-वीस डॉलरांच्या प्लास्टिकच्या थाळीपासून ज्यांनी सुरुवात केली, ती बहुतेक माणसे अजून रानात भेटतात. सोने शोधणे आणि सोने हाती लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नवख्या माणसाच्या फावड्यात सोने येतच नाही असे नसते. बरेचदा ते येते आणि धुताना त्याच्याच हाताने परत ओढ्यात जाते. ही गळती थांबवणे हे पहिले काम आहे आणि ते यंत्राने होत नाही.

परवान्याचे आधी सांगून टाकतो. व्हिक्टोरिया राज्यात हौशी शोधासाठी 'मायनर्स राइट' नावाचा परवाना लागतो. तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर मिळतो, दहा वर्षे चालतो, शुल्क पंचवीस-तीस डॉलरांच्या घरात असते, आणि त्याच्या अटींत राहून सापडलेले सोने आपल्या मालकीचे होते. या कागदाला इतिहास आहे. १८५१ मध्ये इथे सोने सापडल्यावर सरकारने खाणकऱ्यांवर महिन्याला तीस शिलिंगांचा परवाना लादला. सोने मिळो वा न मिळो, पैसे भरावेच लागत, आणि परवाना जवळ नसलेल्यांना पोलीस धरून नेत. त्या असंतोषाचा भडका बॅलारटला ३ डिसेंबर १८५४ रोजी युरेकाच्या लढाईत उडाला. लढाई पहाटेच्या थोड्या वेळात संपली आणि खाणकरी हरले, परंतु पुढच्याच वर्षी जुनी पद्धत मोडीत निघून वर्षाला एक पौंड शुल्काचा मायनर्स राइट आला आणि त्याबरोबर मतदानाचा हक्कही आला. आपण खिशात ठेवणार तो कागद त्याच हक्काचा वारस आहे.

अटी मात्र नीट वाचाव्यात. खोदकाम हाताच्या अवजारांनीच करायचे आहे. यंत्राने खोदणे, सुरुंग लावणे किंवा ओढ्यात पंप लावून गाळ उपसणे चालत नाही. झाडाझुडपांना इजा करता येत नाही, खणलेला खड्डा बुजवावा लागतो, आणि मूळ निवासींच्या वारसास्थळांना हात लावता येत नाही. खाजगी जमिनीवर मालकाची संमती लागते. एखाद्याला खाणपट्टा मिळालेला असेल तर त्या क्षेत्रात त्याच्या परवानगीशिवाय जाता येत नाही. राष्ट्रीय उद्याने सर्वसाधारणपणे बंद असतात, तरी काही उद्यानांचे ठरावीक भाग खुले असतात, आणि काही नद्या-ओढे पूर्णपणे वगळलेले आहेत. म्हणून घरातून निघण्यापूर्वी सरकारच्या 'जिओविक' या नकाशावर जागा तपासण्याची सवय लावून घ्यावी. हा परवाना फक्त व्हिक्टोरियापुरता आहे. सिडनीकडे किंवा पर्थला गेलात तर तिथले नियम वेगळे आहेत.

महाराष्ट्रात परतल्यावर हे करता येईल का, असे मला नेहमी विचारले जाते. भारतात १९५७ च्या खाण व खनिज कायद्यानुसार परवान्याविना खनिजाचा शोधही घेता येत नाही, आणि हौशी माणसासाठी वेगळा परवाना तिथे नाही. शिवाय महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने झाकलेला आहे आणि त्या खडकात सोने शोधण्यात अर्थ नाही. जुने खडक आहेत ते पूर्व विदर्भात आणि दक्षिण कोकणात. तेव्हा सह्याद्रीतल्या ओढ्यांवर थाळी घेऊन बसण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा.

आता खर्चाचे. पहिल्या वर्षी मी एकवीस वेळा गेलो आणि वर्षाअखेरीस काचेच्या कुपीत १.९ ग्रॅम सोने होते. आपल्याकडच्या जुन्या मापात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. एक गुंज सुमारे ०.१२ ग्रॅमची. म्हणजे वर्षभराच्या घामाच्या पंधरा-सोळा गुंजा झाल्या, आणि पेट्रोलचा खर्च त्याहून जास्त. पुढे हात बसला तेव्हा हे प्रमाण सुधारले, पण कमाई म्हणून या छंदाकडे मी कधीच पाहू शकलो नाही. डीसन आणि ओट्स या दोघा खाणकऱ्यांना १८६९ मध्ये मोलियागुल येथे 'वेलकम स्ट्रेंजर' नावाचा, ७० किलोंहून अधिक सोन्याचा गोळा मिळाला, तोही जमिनीखाली अवघ्या एक-दोन इंचांवर. आणि १९८० मध्ये किंगावरजवळ डिटेक्टरने २७.२ किलोंचा 'हँड ऑफ फेथ' सापडला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण हिशेब मांडताना त्या बाजूला ठेवाव्यात. तशा सोडतीवर कुणी घर चालवत नाही.

आता थाळीविषयी. मी वाढलो सांगली जिल्ह्यात, आणि माझे चुलते विट्याच्या आसपासच्या असंख्य कुटुंबांप्रमाणे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात होते. तामिळनाडूतल्या एका गावी त्यांची भट्टी होती. लहानपणी सराफ कट्ट्यावर मी झारेकऱ्यांना काम करताना पाहिले आहे. सोनारांच्या दुकानांसमोरचा केर आणि गटारातली माती घेऊन ते पाण्यात बसत आणि घमेले असे फिरवीत की माती जाई आणि तळाशी कण राही. त्या वेळी ती गंमत वाटे. पुढे कॅसलमेनजवळच्या एका ओढ्यात पहिल्यांदा थाळी हातात धरली तेव्हा मला आठवण झाली ती झारेकऱ्यांची आणि तांदूळ रोळणाऱ्या आईची. तांदूळ रोळताना आपण काय करतो? पाण्यात हलवून खडे तळाशी बसू देतो आणि वरचे तांदूळ पाण्याबरोबर हलकेच पुढे सारतो. थाळी म्हणजे हेच रोळणे; फरक इतकाच की इथे तांदूळ टाकायचे असतात आणि खडा ठेवायचा असतो.

यामागचे गणित एकदा समजले की हाताला शिस्त लागते. पाण्याची घनता एक धरली तर सोन्याची १९.३, गारगोटीची २.६५. म्हणजे हवेत सोने गारगोटीच्या सातपट जड. पाण्यात मात्र दोघांतून पाण्याचा एक वजा होतो: १८.३ विरुद्ध १.६५, म्हणजे अकरापट. पाण्याखाली सोन्याची बाजू इतकी वरचढ होते, म्हणून थाळी पाण्याच्या पातळीखाली ठेवूनच हलवावी. पाण्याबाहेर काढून चिखल ढवळणारा माणूस हा फायदा फुकट घालवतो. काळ्या वाळूत मुख्यतः मॅग्नेटाइट हे लोहाचे खनिज असते, त्याची घनता ५.२ च्या आसपास. पाण्यात सोने त्याच्या केवळ सव्वाचार ते साडेचारपट भरते, म्हणून काळी वाळू शेवटपर्यंत सोन्याची सोबत सोडत नाही. थाळीच्या तळाशी काळी रेघ दिसणे हे चांगले लक्षण आहे. आपली वाळू जड कणांपर्यंत पोचली, इतकाच त्याचा अर्थ. काळी रेघ दिसली म्हणजे सोने आहेच, असे नव्हे.

आता प्रत्यक्ष कृती. आधी माती चाळून घ्यावी. चाळणे कंटाळवाणे आहे म्हणून नवखे ते टाळतात, पण मोठ्या गारगोटीचा धक्का लहानशा सोन्याच्या पापुद्र्याला सहज उडवतो. कण साधारण सारख्या आकाराचे असले तरच जड-हलक्याचा निवाडा नीट होतो. चाळणीवर राहिलेले खडे मात्र फेकण्यापूर्वी नजरेखालून घालावेत, कारण सोन्याचा गोटाच सापडायचा असेल तर तो चाळणीच्या वरच राहणार. मग थाळी पाऊण भरून पाण्याखाली धरावी आणि चिकणमातीची ढेकळे बोटांनी चुरून विरघळवावीत. या पायरीला जितका वेळ द्याल तितका कमी आहे. चिकणमातीची न फुटलेली गोळी थाळीत गडगडत फिरते, वाटेत बसलेले सोने आपल्या अंगाला चिकटवून घेते आणि काठावरून निघून जाते. एकोणिसाव्या शतकातल्या खाणकऱ्यांनी तर एवढ्यासाठी घोडे जुंपून गोल चरात माती घुसळण्याची यंत्रे केली होती. त्यांचे वर्तुळाकार खंदक आजही रानात दिसतात. ते वारसा म्हणून जपायचे आहेत, तिथे खोदू नये.

माती विरली की थाळी सपाट धरून डावी-उजवीकडे झटके द्यावेत. इथे घाई नको; या हलवण्याने जड कण खाली उतरतात, आणि हे उतरणे झाल्याशिवाय पाणी ओतणे म्हणजे रोळण्याआधीच भांडे उपडे करणे. त्यानंतर थाळीच्या एका बाजूला असलेल्या आडव्या खाचा आपल्यापासून दूरच्या बाजूला येतील अशी थाळी पुढे कलती करावी आणि पाण्यात बुडवून-उचलून वरचा हलका थर काठावरून जाऊ द्यावा. दोन-तीन वेळा थर गेला की पुन्हा सपाट धरून हलवावे, पुन्हा कलती करावी. हलवा, कलवा, धुवा. आणि पुन्हा हलवा. नवख्यांचा हात धुण्याच्या पायरीवर अडकतो, कारण माती कमी होताना दिसते आणि बरे वाटते. जाणत्याचा हात हलवण्यावर जास्त वेळ असतो.

शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. तेव्हा थाळीत वाटीभर स्वच्छ पाणी घेऊन ते हलकेच गोल फिरवावे, म्हणजे वाळू पंख्यासारखी पसरते आणि शेपटाच्या टोकाला पिवळा ठिपका मागे राहतो. पिठासारखे बारीक सोने कधी कधी पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगतानाही दिसते. भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब पाण्यात टाकला की ते खाली बसते. ही युक्ती मला एका वृद्ध ऑस्ट्रेलियन बाईंनी सांगितली. तोवर दोन वर्षे मी ते तरंगणारे सोने अभ्रक समजून सोडून देत होतो.

अभ्रकाचा विषय निघालाच आहे तर ओळखीचेही सांगतो. अभ्रक उन्हात लखलखते आणि सावलीत विझते. सोने उन्हात आणि सावलीत त्याच संथ पिवळेपणाने दिसते. सुईने टोचल्यावर अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, पायराइट या सोन्यासारख्या दिसणाऱ्या लोहखनिजाचा चुरा होतो आणि सोने दबते. आपल्या घरी सोनाराकडचा कसोटीचा दगड असेल तर उत्तमच: खरडल्यावर पायराइट हिरवट-काळी रेघ देते आणि सोने पिवळी. इथले निसर्गात मिळणारे सोने बहुधा २२ कॅरटपेक्षा सरस असते, त्यामुळे त्याच्या रेघेचा रंग दागिन्याच्या रेघेपेक्षा गडद वाटतो.

माती कुठली घ्यायची, हा खरा अनुभवाचा भाग आहे. ओढ्याचे पाणी जिथे वेग सोडते तिथे जड कण खाली पडतात: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या पाठीमागे, उतार संपून पात्र रुंद होते तिथे. पण पुरात सगळीच वाळू हलते आणि सोने दर पुराला खाली सरकत शेवटी कातळापर्यंत पोचते. म्हणून वरची स्वच्छ, सैल वाळू धुण्यात दिवस घालवू नये. कातळ उघडा पडला असेल तिथे जावे. मध्य व्हिक्टोरियात हा कातळ बरेच ठिकाणी पाटीच्या दगडासारखा, उभ्या पापुद्र्यांचा आहे, आणि ते पापुद्रे प्रवाहाला आडवे असतील तर प्रत्येक भेग ही निसर्गाने केलेली खाच असते. भेगेतली घट्ट बसलेली माती वाकड्या पट्टीने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढावी, आणि शेवटी रंगाच्या कुंचल्याने झाडून घ्यावी. मी एका भेगेतून जेमतेम दोन वाट्या माती काढली होती आणि तिच्यात दिवसभराच्या पंधरा घमेल्यांपेक्षा जास्त सोने निघाले. काठावरच्या गवताची मुळेही पुराच्या पाण्यातले कण गाळून धरतात. सुटून पडलेला मुळांचा झुबका पाण्यात झटकून पाहावा, मात्र गवत उपटू नये.

कॅसलमेनचा परिसर मेलबर्नहून सुमारे १२० किलोमीटर आहे आणि थाळी शिकायला चांगला आहे. मुले बरोबर असतील तर आधी बॅलारटच्या सोव्हरिन हिलला जावे. तिथल्या ओढ्यात संग्रहालयच सोन्याचे कण टाकून ठेवते, त्यामुळे लहानांना पहिल्याच दिवशी पिवळा ठिपका दिसतो आणि ती पुढच्या खेपेस कुरकुर करत नाहीत. डनोली, टारनागुला, वेडरबर्न, इंगलवुड हा 'गोल्डन ट्रँगल' म्हणून ओळखला जाणारा भाग दोन-अडीच तासांवर आहे. पण तिथले ओढे उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि तो मुख्यतः डिटेक्टरवाल्यांचा मुलूख आहे. डिटेक्टरचा विषय तिथे समजून घ्यावा लागतो. त्या भागातली लाल माती लोहाच्या खड्यांनी भरलेली आहे, आपल्या कोकणातल्या जांभ्याची आठवण व्हावी अशी, आणि साधी स्वस्त यंत्रे त्या लोहानेच गांगरून दिवसभर ओरडत राहतात. अशा जमिनीत पल्स इंडक्शन पद्धतीची, म्हणजे जमिनीत चुंबकीय स्पंद सोडून धातू ओळखणारी, महाग यंत्रे लागतात. तीही सोने म्हणून ओरडतात असे नाही. धातू म्हणून ओरडतात. बुटांचे खिळे, बंदुकीच्या गोळ्यांचे शिसे, टिनच्या डब्यांचे तुकडे, हे सगळे दीडशे वर्षांत त्या रानात पेरले गेले आहे. शंभर वेळा गुडघे टेकून खणल्यावर एकदा सोने, अशी तयारी असलेल्यानेच तिकडे वळावे.

रानातली काळजी मी कुणालाही तोंडी सांगतोच, इथेही सांगतो. जुनी खाणविवरे विहिरीसारखी सरळ खाली गेलेली असतात, कठडा नसतो, आणि पालापाचोळ्याने तोंड झाकलेले असते. डिटेक्टरकडे किंवा फोनकडे पाहत उलटे चालू नये. विवराच्या काठाची माती पोकळ असते, म्हणून वाकून डोकावूही नये. ऑक्टोबरनंतर साप बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात वणव्याचा धोका असतो. मी एप्रिल ते सप्टेंबर एवढेच महिने जातो. कुठे चाललो आहोत हे घरी नेमके सांगून निघावे, कारण बहुतेक ठिकाणी फोन लागत नाही. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: या खडकात सोन्याच्या जोडीला आर्सेनिकयुक्त खनिज असते आणि जुन्या खाणींच्या राखाडी-पिवळ्या कचऱ्यात ते साचलेले असते. त्या ढिगांवर मुलांना खेळू देऊ नये, ती माती घरी बागेत टाकू नये, आणि जेवणाचा डबा उघडण्यापूर्वी हात धुवावेत.

आता आम्लाचे. आम्लराज, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक यांचे मिश्रण, सोने विरघळवते हे खरे; पण आपल्याला ते विरघळवायचेच कशाला आहे? माझ्या चुलत्यांना तेजाब लागे, कारण त्यांच्याकडे येणारा माल दागिन्यांचा, तांबे-चांदी मिसळलेला असे. त्यात आणखी चांदी घालून सोन्याचे प्रमाण चौथाईवर आणायचे, मग नायट्रिकमध्ये बाकीचे धातू विरघळवून शुद्ध सोने मागे ठेवायचे, असा तो उद्योग. ओढ्यातले सोने आधीच धातूच्या रूपात सुटे आहे. ते वाळूपासून वेगळे करणे हे वजनाचे काम आहे, रसायनाचे नव्हे. पाठीमागच्या अंगणात आम्ल उकळून निघणारा तपकिरी वायू फुप्फुसे जाळतो आणि उरलेले पाणी कुठे ओतायचे हा प्रश्न वेगळाच राहतो. गारगोटीला चिकटलेले सोने मोकळे करण्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरा, असे सांगणारेही भेटतील. ते आम्ल कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम धरते, आणि सुरुवातीला दुखतही नाही म्हणून माणूस उशिरा दवाखान्यात जातो. ते घरात आणूच नये. पाऱ्याचेही तेच. जुन्या जागी पूर्वीच्या लोकांनी सांडलेला पारा थाळीत येतो, आणि कधी एखादा सोन्याचा कण चांदीसारखा पांढरा दिसतो तो पाऱ्याने माखल्यामुळे. असा कण वेगळ्या बंद कुपीत ठेवावा आणि त्याला कधीही आच देऊ नये, कारण पाऱ्याची वाफ दिसत नाही, पण भिनते.

घरी करायचे ते एवढेच. ओढ्यावर शेवटपर्यंत धुण्याचा हट्ट न धरता काळी वाळू डब्यात घालून आणावी. चांगल्या उजेडात, टेबलाशी बसून, मोठ्या टबात ठेवलेल्या थाळीत ती सावकाश धुता येते आणि निसटलेले कण टबातच राहतात. वाळू वाळवून, बारीक चाळण्यांतून दोन-तीन आकारांत विभागून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक तिच्यावरून फिरवावे. चुंबकाला चिकटलेल्या काळ्या झुबक्यात सोन्याचे कण अडकून जातात, म्हणून तो झुबका दुसऱ्या कागदावर झटकून पुन्हा उचलावा. मी असे तीनदा करतो. चुंबकाने न उचललेली काळी वाळू उरतेच. ती गुळगुळीत कागदावर घेऊन कडेला बोटाने टिचकी मारत, तोंडाने अगदी हलकी फुंकर घालत राहावे. सुपात धान्य घोळतात तशी ती क्रिया आहे आणि हाताला सवय झाली की शेवटी कागदावर निव्वळ पिवळे कण उरतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा वीस डॉलरांना मिळतो. प्रत्येक खेपेचे वजन आणि जागा वहीत लिहावी. पुढे कोणत्या ओढ्यावर जायचे ते हीच वही सांगते.

गारगोटीत अडकलेले सोने सापडले तर मात्र थांबावे. पाचव्या वर्षी टारनागुलाच्या बाजूला मला अक्रोडाएवढी एक पांढरी गारगोटी मिळाली होती, जिच्या एका कडेला सोन्याचा धागा नक्षीसारखा वळत गेला होता. घरी लोखंडी खलबत्ता होता. इथे त्याला डॉली पॉट म्हणतात. त्याच रात्री मी ती कुटली, धुतली, आणि ३.१ ग्रॅम सोने मिळाले म्हणून खूश झालो. दुसऱ्या दिवशी कुटण्यापूर्वीचा फोटो चुलत्यांना पाठवला. त्यांचा फोन आला. "अरे, फोडलीस कशाला?" एवढेच ते म्हणाले. सोन्याची किंमत वजनाने होते, पण गारगोटीत जसेच्या तसे राहिलेल्या नमुन्याला संग्राहक नमुन्याची किंमत देतात, आणि ती त्यातल्या सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकते. तो फोटो मी अजून ठेवला आहे. कुटावेच लागले, म्हणजे सोने केवळ बारीक ठिपक्यांचे असले, तर गारगोटी ओली करून कुटावी आणि चांगला मास्क लावावा. गारगोटीची कोरडी धूळ फुप्फुसात कायमची बसते.

बारीक सोने वितळवून गोळी करावी का, असे पुढे वाटू लागेल. सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. मूस, सवागी (बोरॅक्स) आणि चांगला गॅस-बर्नर असला की काम होते, आणि सवागी उरलीसुरली वाळू काचेसारख्या मळीत ओढून घेते. पण दोन-चार ग्रॅमांसाठी हे करण्यात मला अर्थ दिसत नाही. मुशीच्या पोटाला चिकटून थोडे जातेच, आणि ओढ्यातून जसे आले तसे कण कुपीत जास्त चांगले दिसतात. विकायचेच ठरवले तर घेणारा ते स्वतः वितळवून, टंच, म्हणजे शुद्धता, काढून पैसे देतो.

तर येत्या महिन्यात आपण असे करावे. परवाना काढावा, एक हिरवी प्लास्टिकची थाळी, एक चाळण, एक लहान फावडे आणि कण शोषून घेण्याची पिळायची बाटली घ्यावी. मासेमारीच्या दुकानातून शिशाचे सगळ्यांत बारीक मणी आणून त्यांतले दहा हातोडीने चपटे करावेत. शिशाची घनता ११.३ आहे, म्हणजे ते थाळीत राखायला सोन्यापेक्षा अवघड आहे, आणि म्हणूनच परीक्षेला योग्य आहे. अंगणात टब भरून, थाळीत साधी वाळू-माती घेऊन, त्यात ते दहा मणी मिसळावेत आणि चमचाभर वाळू उरेपर्यंत धुवावे. मग मोजावे. पहिल्या दिवशी माझे सहा राहिले होते, आणि तोवर मी स्वतःला तयार समजत होतो. सलग पाच थाळ्यांत दहापैकी दहा मणी हाती राहू लागले की मला कळवावे. डिटेक्टरविषयी तेव्हा बोलू.